रूल आहे, अम्मा

उजव्या हाताची तर्जनी हवेत, डावं मनगट डोळ्यांपुढे, नजर घड्याळावर, आणि मग एखादी वाईट बातमी सांगावी इतक्या मऊ आवाजात, "रूल आहे, अम्मा."

सेक्रेटरी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत. आम्ही नुकतेच सांगलीहून चेन्नईला आलो होतो. नवऱ्याला गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि माझी बदली बँकेच्या तांबरम शाखेत झाली. म्हणजे एक शहराच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. घर माझ्या बाजूला घेतलं, कारण सासूबाई आमच्याबरोबर होत्या आणि त्यांच्या जवळपास कुणीतरी असायला हवं होतं. सामानाचा ट्रक रविवारी सकाळी पोचला. ड्रायव्हर दोर सोडायला लागला, तेवढ्यात तळमजल्यावरच्या दारातून एक उंच, सावळे, सडसडीत गृहस्थ बाहेर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत चेनच्या कव्हरातलं बायबल. त्यांनी बोट वर केलं.

रविवारी सामान दुपारी बारानंतरच चढवायचं, असा इमारतीचा नियम होता.

"अहो, रात्रभर प्रवास करून आलोय आम्ही!" नवरा वैतागून मराठीतच ओरडला. त्याबरोबर त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. "मराठी? मी लोहगावला होतो! एअर फोर्स!" त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला, प्रेमाने दाबला आणि तेच पुन्हा मराठीत सांगितलं. "बारा वाजता. रूल आहे."

सासूबाई ट्रकशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. सर त्यांच्याकडे वळले. "आई, आत चला. नाश्टा करा."

"आंघोळ आणि स्तोत्र झाल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. पहिल्याच दिवशी शेजार तुटला. पण सर सावधान उभं राहावं तसे ताठ झाले. "रूल?"

"हो. नियम आहे माझा."

"व्हेरी गुड," ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला पाणी तापवायला सांगितलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे आंघोळ केली, त्यांच्या मागच्या व्हरांड्यात पूर्वेकडे तोंड करून स्तोत्र म्हटलं, आणि मग वाफवलेल्या शेवयांची गरम इडियप्पम नारळाच्या दुधात कुस्करून पोटभर खाल्ली. ड्रायव्हरलाही ताट मिळालं, त्यामुळे तोही गप्प झाला. सर चर्चला गेले. परत आले तेव्हा बारा वाजत होते. त्यांनी पांढरे कपडे उतरवले, लुंगी वर खोचली आणि आमच्या लोखंडी कपाटाला खालच्या बाजूने खांदा लावून ते दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. साठी उलटलेला माणूस. वर पोचल्यावर धापा टाकत हसले आणि म्हणाले, "आता वेलकम."

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. पाण्याची मोटर कधी लावायची, चपला कुठे काढायच्या, पाहुण्यांची गाडी कुठे उभी करायची हे ज्याला पाठ असतं आणि ज्याला बघून लोक मोबाइल कानाला लावून घाईत असल्याचं दाखवतात. आमचे सर इमारतीचे सेक्रेटरी होते आणि त्यांच्या चर्चच्या समितीचेही सेक्रेटरी होते. नाव सगळेच विसरले होते. सगळ्यांच्या तोंडी सेक्रेटरी सर. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो.

त्यांचं मराठी लोहगावच्या विमानतळावर, वर्कशॉपमध्ये आणि भाजीबाजारात शिकलेलं. शब्द भरपूर, पण लिंग हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. भाजी आला, चहा झाली, पाऊस पडलं. ते सगळं जसंच्या तसं लिहिलं तर तुम्हाला वाचायला त्रास होईल, म्हणून मी पुढे बरंचसं नीट करून लिहिते आहे. सासूबाई मात्र प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना राहवायचं नाही.

एकदा संध्याकाळी व्हरांड्यात सर सांगत होते, "आई, माणसाने आधी नियम पाळायचा. कृपा मागून येतो."

"येते," सासूबाई म्हणाल्या. "कृपा स्त्रीलिंगी."

"स्त्रीलिंगी? लेडी?" सरांनी आश्चर्याने हे तमिळमध्ये स्वयंपाकघराच्या दिशेने सांगितलं. आतून अक्का काहीतरी म्हणाल्या आणि सर खो खो हसायला लागले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, मग तिला मागून कशाला यायला लावता? लेडीज फर्स्ट."

दुसरी एक गंमत सांगते. एका शनिवारी सर जिन्यात भेटले. हातात पिशवी. म्हणाले, "उद्या आमचे अय्यर जेवायला येणार. मटण आणलं." सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी घरात येऊन दार लावलं आणि मला दबक्या आवाजात विचारलं, "अगं, अय्यर म्हणजे ब्राह्मण ना? इथले मटण खातात?" मलाही कळेना. मग बँकेतल्या मैत्रिणीने उलगडा केला. इथल्या तमिळ ख्रिस्ती मंडळींमध्ये चर्चच्या पाळकाला अय्यर म्हणतात. सासूबाईंना हे कळल्यावर इतका दिलासा वाटला की त्यांनी अय्यरांसाठी शिरा करून पाठवला.

सर आणि सासूबाई यांचं जमलं ते नियमांमुळेच. दोघांनाही एकमेकांच्या देवाबद्दल फारशी माहिती नव्हती, पण एकमेकांचे उपास पाठ होते. ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे सर मांस खात नसत, सिनेमा बघत नसत, लग्नाला जात नसत. सासूबाई एकादशीला काय चालतं आणि काय चालत नाही हे त्यांना समजावून द्यायच्या. साबुदाणा चालतो आणि तांदूळ का चालत नाही, यावर सरांनी खूप विचार केला होता. शेवटी म्हणाले, "कारण विचारायचं नाही. रूल जुना आहे, म्हणजे कुणीतरी विचार केला असेल."

एकदा मीच त्यांना छेडलं. "सर, देवाला खरंच एवढा फरक पडतो का? मनात श्रद्धा असली म्हणजे झालं की."

त्यांनी बोट वर केलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, मी विमानाच्या इंजिनाचं काम करायचो. काम संपलं की सगळी हत्यारं फळीवर परत लावायची. प्रत्येक पान्याची जागा त्या फळीवर रंगवलेली असते. एक जागा रिकामी दिसली, तर विमान उडत नाही. पाना इंजिनात राहिला असेल तर? मग सगळं पुन्हा उघडायचं. ऊन असो, जेवायची वेळ असो. आता पायलट येतो. तो मला ओळखत नाही. तरी तो विमानात बसतो. कशाच्या जोरावर? खाली कुणीतरी नियम पाळलाय, या विश्वासावर." मग थांबून म्हणाले, "त्याचा तो विश्वास. माझा हा नियम. दोन वेगळ्या वस्तू आहेत का?"

 

त्यांची एकुलती एक मुलगी शीबा. मोठी हसरी, बडबडी मुलगी. समुद्राच्या बाजूला काचेच्या इमारतींमध्ये ज्या आयटी कंपन्या आहेत त्यांपैकी एकीत नोकरी. तिथलाच एक सहकारी, कार्तिक, तिला आवडला. तो हिंदू. त्याला धर्म बदलायचा नव्हता, तिलाही नव्हता. दोघांनी रजिस्टर लग्न करायचं ठरवलं.

इमारतीत सगळ्यांनी कान टवकारले. आता खाली भांडीकुंडी फुटणार. पण तसं काही झालं नाही. अक्का थोड्या रडल्या. सरांनी कार्तिकला बोलावून घेतलं, त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, आणि लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत स्वतः साक्षीदार म्हणून सही केली. मला म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे. कायद्याला साक्षीदार लागतात. बाप चालतो." आणि मग हळूच, "मुलगा चांगला आहे. वेळेवर येतो."

खरी पंचाईत पुढे होती. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी तिरुविरुंदु असतो. म्हणजे पवित्र मेजवानी. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक प्रभुभोजन म्हणतात. पाळक भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट देतात. येशूने आपल्या माणसांबरोबर शेवटचं जेवण घेतलं त्याची आठवण. ख्रिस्ती माणसाला याहून मोठं काही नाही, असं सर सांगायचे. आणि त्या चर्चचा जुना नियम असा की चर्चबाहेर, दुसऱ्या धर्मात लग्न करील त्याला हे भोजन मिळणार नाही. चर्चला यावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी. पण भोजनाच्या वेळी जागेवर बसून राहावं.

तेव्हाचे अय्यर वयस्कर आणि मवाळ होते. ते सरांना म्हणाले, "सर, रजिस्टर लग्न कुणी पाहिलंय? तुम्ही बोलू नका, मी विचारत नाही."

सरांना ते जमण्यासारखं नव्हतं. काही वर्षांपूर्वी हाच नियम त्यांनी दुसऱ्या एका घराला लावला होता. एन्नोरच्या कोळीवाड्यातून येऊन तांबरमला राहिलेल्या एक विधवा बाई होत्या, शाळेत आयाचं काम करणाऱ्या. त्यांच्या मुलाने असंच लग्न केलं, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने सरच त्यांच्या घरी सांगायला गेले होते. तो मुलगा त्यानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. "दुसऱ्याच्या मुलाला लावला तो नियम माझ्या मुलीला नाही?" सर अय्यरांना म्हणाले, आणि समितीच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उभं राहून शीबाच्या लग्नाची माहिती दिली.

शीबा त्या दिवशी घरी आली ती रडत आणि संतापत. खालचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. ती तमिळमध्ये बोलत होती, पण एवढं मला कळत होतं. "अप्पा, तुम्ही माझे बाप आहात की सेक्रेटरी?"

मग तिचा आवाज आणखी चढला.

"येशूने शब्बाथच्या दिवशी काम न करण्याचा नियम मोडला होता! आजारी माणसाला बरं करण्यासाठी! तुम्हीच शिकवलंत ना मला?"

आता सर बोलले. "तो देव होता, शीबा. मी वॉरंट ऑफिसर."

दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही सगळे हसलो असतो.

शीबा चर्चला येईनाशी झाली. घरीही क्वचितच यायची. अक्का नवऱ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी वेगळा मार्ग धरला. सरांना रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगून वर्ष होऊन गेलं होतं. तो एकच नियम सर सोयीस्करपणे विसरले होते. आता अक्कांनी तो अमलात आणला. सांबार अळणी, रसम अळणी, लोणचं कपाटात. सरांनी केविलवाण्या चेहऱ्याने मीठ मागितलं की अक्का बोट वर करून म्हणायच्या, "रूल आहे." सर आमच्याकडे येऊन सासूबाईंच्या ताटातला लिंबाच्या लोणच्याचा खार बोटाने चाटायचे. सासूबाई तेवढ्यापुरती पाठ फिरवायच्या.

त्याच दिवसांत सर त्या एन्नोरच्या बाईंच्या घरी गेले. हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं, मला नव्हे. मी पलीकडे भाजी निवडत होते, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "मी त्यांना सांगितलं, अम्मा, तुमच्या मुलाला जो नियम लावला तो आता माझ्या मुलीलाही लावला. सगळ्यांना सारखा. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"त्या म्हणाल्या, दुसरी एक पोर रडतेय हे ऐकून मला बरं वाटेल असं तुम्हाला वाटलं?"

सासूबाईंनी त्या दिवशी त्यांचं व्याकरण सुधारलं नाही.

पुढे त्यांच्या चर्चचा सुगीचा सण आला. त्या दिवशी लोक आपल्या घरचं, बागेतलं पहिलं फळ देवाला आणून देतात. सर दरवर्षी आम्हाला बोलवायचे. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "चल, जाऊ या." चर्चच्या खांबांना केळीचे घड आणि ऊस बांधले होते, वेदीपुढे भोपळे, फणस, शहाळी रचली होती, आणि एका टोपलीत एक कोंबडा सगळ्या उपासनेभर आपलं मत मांडत होता. आम्ही पाहुणे म्हणून शेवटच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने आमच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. शीबा. बरोबर कार्तिक. कितीतरी महिन्यांनी ती आली होती. अक्कांनी फोनवर खूप गळ घातली होती म्हणे.

तो महिन्याचा पहिला रविवार होता. भोजनाची वेळ झाली. सर मधल्या वाटेत उभे राहिले. हे त्यांचंच काम. एकेका बाकाला हाताने खूण करायची, मग त्या बाकावरचे लोक उठून पुढे जायचे, वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायचे. एक बाक, मग दुसरं. गर्दी नाही, गडबड नाही. सर हळूहळू मागे येत होते. मी शीबाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि ओढणीच्या टोकाला पीळ देत होती.

सर आमच्या बाकापाशी आले. इथे सगळे पाहुणे आणि शीबा. खूण करण्यासारखं कुणी नव्हतं. आता राहिले फक्त ते स्वतः. सेक्रेटरी नेहमी सगळ्यांत शेवटी पुढे जातो. वेदीपाशी म्हातारे अय्यर हातात प्याला घेऊन त्यांची वाट बघत होते.

सरांनी अय्यरांकडे पाहून मान हलवली. नाही. मग खाली वाकून शीबाला म्हणाले, "सरक."

"अप्पा, तुम्ही जा," ती कुजबुजली.

"सरक. जागा आहे."

ती सरकली. ते तिच्या शेजारी बसले, मांडीवर हात ठेवून, अगदी ताठ. अय्यर थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी प्याल्यावर पांढरं कापड घातलं. चर्चमध्ये तो कोंबडा सोडला तर कुणाचाही आवाज नव्हता. शीबाने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "लेकीसाठी उपास धरलाय त्यांनी." मला हे सगळं समजायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या आत त्यांना समजलं होतं.

मी नंतर सरांना विचारलं, की हा नियम मोडणं नाही का? त्यांना तो प्रश्न आवडला. "कुठे मोडला? शीबाने घेतलं नाही. सेक्रेटरीने घेतलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? मी सगळं वाचून काढलं." मग जरा गंभीर झाले. "मॅडम, मला एकच रस्ता दिसला. वर उभं राहून सूट देणं सोपं असतं. आमचा देव वर उभा राहिला नाही. नियम ज्यांना लागू होता, त्यांच्यात येऊन बसला. मी नवीन काही केलं नाही."

पुढच्या महिन्यात अक्काही उठल्या नाहीत. त्याच दिवशी दुपारी सांबारात मीठ परत आलं. थोडंसंच, कारण डॉक्टरांचा नियम खराच होता. त्यानंतर एन्नोरच्या बाई येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मग आणखी एक आजोबा, ज्यांच्या नातीचं तसंच झालं होतं. मग काही तरुण मुलं, ज्यांच्या घरी तसं काहीच झालं नव्हतं. मागची बाकं भरायला लागली. अय्यर हैराण झाले. "सर, हे बंड आहे!"

"नाही, अय्यर," सर नम्रपणे म्हणाले. "आम्ही फक्त बसलो आहोत."

वर्षअखेरीस त्या अय्यरांची बदली झाली आणि एक तरुण अय्यर आले. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, की पुढची बाकं रिकामी आणि मागे दाटी, हा काय प्रकार आहे? उत्तर ऐकून त्यांनी नियम बदलायचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. ज्याचं लग्न कुठेही झालेलं असो, त्याची स्वतःची श्रद्धा कायम असेल आणि तो पाळकाशी बोलून आला असेल, तर त्याला भोजन द्यावं. चर्चा चांगली तापली. सर मात्र चर्चेला नव्हतेच. आपल्या घरचा विषय असला की सभासदाने खोलीबाहेर जायचं, असाही एक नियम आहे. ते फाटकापाशी कडुलिंबाखाली भुईमुगाच्या शेंगा खात उभे होते. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा त्यांनी उरलेल्या शेंगा खिशात टाकल्या आणि चष्मा पुसायला घेतला. हे शीबाने पाहिलं. तीही बाहेरच होती.

आता खरी मजा. तो दिवसही महिन्याचा पहिला रविवार होता, उपासना संध्याकाळची होती. तरुण अय्यर उत्साहाने म्हणाले, "शीबा, आजच ये पुढे!"

बोट वर झालं. मनगट डोळ्यांपुढे आलं.

"अप्पा, नाही हं!" शीबा ओरडली.

"ठरावात लिहिलंय, पुढच्या महिन्यापासून," सर म्हणाले. "रूल आहे."

सगळ्या लोकांनी कपाळाला हात लावला. अक्कांनी पदर तोंडाशी धरला. आणि शीबा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कार्तिक सांगत होता, लग्नाच्या दिवसानंतर ती अशी हसलेली त्याने पाहिलीच नव्हती.

तर आणखी एक महिना सगळ्यांनी वाट पाहिली. त्या रविवारी सासूबाईंनी स्वतःच नवी साडी काढली, जणू आमच्याच घरी कार्य आहे. सरांनी नेहमीप्रमाणे बाकांना खुणा केल्या. शेवटच्या बाकापाशी आले तेव्हा आधी एन्नोरच्या बाई उठल्या, आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, नव्या शर्टात, अवघडलेला. मग अक्का आणि शीबा. कार्तिक आमच्याजवळ बसून राहिला. सगळ्यांच्या मागून सर पुढे गेले.

आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बाकीचे लोक भाकरी घेऊन परत येत होते. सर कठड्यापाशी गुडघ्यांवर तसेच राहिले. हातात घेतलेला तुकडा त्यांनी तोंडात घातला नव्हता, हे शीबाने नंतर सांगितलं. ज्या माणसाने कधी कुणाला एक मिनिट उशीर करू दिला नाही, तो आता उठतच नव्हता. अय्यरांनी घाई केली नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं गाणं संपलं, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं.

गेल्या वर्षी शीबा आणि कार्तिकची नोकरी कोइम्बतूरला गेली आणि नातवाच्या ओढीने सर आणि अक्काही तिकडे गेले. आता खाली एक नवं जोडपं राहतं, दोघंही सभ्य. इमारतीच्या सूचना मोबाइलवर येतात. त्या कुणी वाचत नाही.

रविवारी दुपारी सरांचा फोन येतो, तो सासूबाईंसाठी. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या स्पीकर लावतात, आणि मग सगळ्या मजल्याला ऐकू जातं. मागच्या रविवारी सासूबाईंनी विचारलं, "तिकडच्या चर्चमध्येही तुम्हीच सेक्रेटरी का?"

"नाही आई. इथे मला कुणी ओळखत नाही. आराम आहे."

"मग कुठे बसता? पुढे?"

"नाही, नाही. शेवटच्या बाकावर." आवाजात हसू होतं. "नवीन माणूस येतो ना आई, तो पहिल्यांदा तिथेच बसतो. बिचारा घाबरलेला असतो. त्याला सरकून जागा द्यायला तिथे कुणीतरी नको का?"